बर्फाच्या डोंगराने दिलेला डावा कौल

मी चौथी शिकलेला माणूस आहे. पुढे शाळेत गेलो नाही आणि त्याची लाजही कधी वाटली नाही. सदतीस वर्षं घाटरस्त्यावर राबलो, आधी मैलकुली म्हणून, मग मुकादम म्हणून. पावसाळ्यात दरड आली की इंजिनियर साहेब जीपमधून उतरून आधी मलाच विचारायचे, "मुकादम, अजून येईल का हो?" मी वर बघायचो, झाडं कुठे कलली आहेत ते बघायचो, माती मुठीत दाबायचो आणि सांगायचो. माझ्या टोळीतला एकही माणूस दरडीखाली गेला नाही. हे मी बढाई मारायला सांगत नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? आजवर बढाई म्हणूनच सांगत आलो. जपानात जाऊनसुद्धा सांगितलं. त्या बढाईपायी माझा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत जायचा होता. तो कसा वाचला, तेवढं लिहून ठेवतो.

महेश माझा एकुलता एक. तोक्योत निशी-कसाईला राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात सूनबाईचा, स्नेहलचा, फोन आला की त्याचं आतडं फुटलंय, ऑपरेशनला आत नेलाय, डॉक्टर काही नक्की बोलत नाहीत. माझ्याजवळ तेव्हा पासपोर्टसुद्धा नव्हता. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. घरात मी एकटा, बाहेर धो धो पाऊस. महेशने आधीच्या वर्षी एक फोटो पाठवला होता. तिथल्या एका डोंगरातल्या खिंडीत हातभर उंचीचा दगडाचा देव, गळ्यात लाल फडकं बांधलेलं. त्याने खाली लिहिलं होतं, "बाबा, इथेही घाटात देव असतो." घाटातल्या देवाला नारळ दिल्याशिवाय मी आयुष्यात कधी घाट ओलांडला नाही. त्या दिवशी त्या फोटोसमोरच बसलो आणि बोललो, "तुझं नाव मला ठाऊक नाही. पण पोर तुझ्या रस्त्याने गेलंय. त्याला उठव, मी स्वतः त्या खिंडीत येऊन तुला नारळ देईन." महेश उठला. दुसरं ऑपरेशन झालं, महिनाभर पडून राहिला, पण उठला.

मग पासपोर्ट काढला, व्हिसा झाला. निघण्याआधी रीतीप्रमाणे गावच्या देवीला कौल लावला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या तळकोकणात देवाला विचारल्याशिवाय मोठं काम करत नाहीत. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना भिजवलेले फुलांचे कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, जमलेले "होय म्हाराजा" म्हणतात आणि मग सगळे गप्प राहून बघतात. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. मी विचारायला लावलं, या खेपेला नवस फेडून येऊ का? डावा पडला. पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा डावाच, आणि या वेळी तर गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत. मी म्हटलं, आणखी एकदा. भिकू गुरव माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही एकत्र गुरं राखली. तो तांब्या खाली ठेवून म्हणाला, "देव म्हणजे काय तुझो मैलकुली नाय. तिसऱ्यांदा मी इचारूचंय नाय." मला राग आला. देव नवस घेत नाही असं कुठे होतं का? फेडायला निघालेल्या माणसाला अडवणारा हा कोण? तसाच उठलो आणि घरी आलो. महेशला यातलं काही सांगितलं नाही.

निशी-कसाईत आठव्या मजल्यावर बसून दिवस जाईनात. नात ओवी नऊ वर्षांची. मी मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची. रस्ता ओलांडताना माझी बाही ओढून "अबुनाइ, आजोबा!" म्हणून ओरडायची. अबुनाइ म्हणजे धोका आहे. मला एवढा एकच जपानी शब्द नीट पाठ झाला. महेशला खिंडीचं विचारलं की तो म्हणायचा, "बाबा, हिवाळ्यात तो रस्ता बंद असतो. बर्फ पडलाय. नारळ इथल्याच एखाद्या देवळात देऊ." मी म्हणायचो, बोललो ते खिंडीतल्या देवाला बोललो. असे अडीच महिने गेले. परतीचं तिकीट गुरुवारचं. आदल्या आठवड्यात मी जेवण टाकलं. दोन दिवस नुसत्या चहावर बसलो. या वयात असला हट्ट करावा, हे आता लिहितानाही बरं वाटत नाही, पण केला. शेवटी महेश म्हणाला, "ठीक आहे, शनिवारी निघू." स्नेहल डब्यात दशम्या भरत होती. एरवी ती मला उलट शब्द बोलत नाही. त्या दिवशी डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "बाबा, ज्याच्यासाठी नवस बोललात, त्यालाच घेऊन चाललात तुम्ही. एवढं लक्षात ठेवा." मी ऐकलं आणि पिशवीत नारळ ठेवला.

नागानोच्या बाजूला डोंगरात जायचं होतं. रात्री पायथ्याला मुक्काम केला. सकाळी महेश फोनमध्ये बघून म्हणाला, "बाबा, हिमस्खलनाचा इशारा आहे. पाचात तीन." हिमस्खलन म्हणजे बर्फाची दरड, एवढं मला कळलं. मी म्हटलं, "पाचात तीन म्हणजे पास की रे!" तो हसला. मीही हसलो. पाचात तीन म्हणजे अनोळखी माणसाने त्या उतारावर पाऊलच ठेवू नये, हे मला नंतर कळलं. त्याला थोडंफार ठाऊक होतं. पण लहानपणापासून त्याने बघितलेलं की डोंगराच्या बाबतीत बाबांचा शब्द खाली पडत नाही. तो माझ्या भरवशावर हसला.

जिथे गाडी लावली तिथे एक लहानसं लाकडी देऊळ होतं, अर्धं बर्फात बुडालेलं. छपरावर माझ्यासारखाच एक म्हातारा फावड्याने बर्फ खाली ढकलत होता. त्याने कुठे निघालात विचारलं. महेशने खिंडीकडे बोट केलं. नारळाचं काही बोलला नाही, लाजला असेल. म्हातारा छपरावरूनच हात हलवून म्हणाला, "अबुनाइ." मला कळलं, पण कळलं नाही असं दाखवलं. महेशला म्हटलं, "त्याला सांग, मी सदतीस वर्षं घाटात काढली आहेत." महेशने काय सांगितलं कोण जाणे. आम्ही बर्फात पाय रुतू नयेत म्हणून पायांना जाळीचे रुंद तळवे बांधले आणि निघालो. महेशने माझ्या छातीला एक यंत्र बांधलं होतं. बर्फाखाली गाडला गेलो तर ते सापडायला मदत करतं म्हणे. मी म्हटलं, "आधी गाडून घ्यायचं, मग शोधायचं?" तो म्हणाला, "बाबा, गप्प बांधून घ्या."

तासभर देवदारासारख्या उंच झाडांतून चढलो. ऊन होतं, वारा पडला होता. आधीचे तीन दिवस मात्र वाऱ्यासकट बर्फ पडला होता, आणि त्याच्याही आधी दोन दिवस कडक ऊन. हे मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. झाडी संपत आली तिथे पायाखालून एकदम "धप्प" असा आवाज झाला. मोठा, खोलातून आलेला. सगळी जमीन दोन बोटं खाली बसल्यासारखी वाटली. महेश जागीच थांबला. "बाबा, हा आवाज चांगला नसतो म्हणतात." मी हसलो. रस्त्याच्या भरावावर आम्ही धुमस मारायचो, माती ठोकून बसवायला. माती पोकळ असेपर्यंत आवाज वेगळा येतो, बसली की "धप्प" येतो. तो आवाज आला की मुकादमाने हात वर करायचा, काम पक्कं. मी महेशला म्हटलं, "बर्फ बसला बघ. आता बैलगाडी ने वरून." त्याचा चेहरा जरा सैल झाला. माझं ऐकून सैल झाला, हे मी विसरू शकत नाही.

पुढे उघडा उतार होता, दोन-तीन शेतांएवढा रुंद. तो आडवा ओलांडला की खिंड. वर कड्याच्या टोकाला वाऱ्याने बर्फाचा छज्जा काढलेला. उतार काही फार उभा नव्हता. आमच्याकडे त्याहून उभ्या उतारावर गुरं चरतात. मी म्हटलं, मी पुढे होतो, तू माझ्या पावलावर पाऊल टाकत ये. एक पाय उघड्यावर टाकला, तोच मागून हाक आली. वळून बघतो तर देवळाच्या छपरावरचा म्हातारा. बर्फावर चालायच्या आखूड लाकडी पट्ट्या पायाला बांधून धापा टाकत वर येत होता. छप्पर अर्धवट टाकून आमच्या मागावर तासभर चढला होता. सत्तरी उलटलेला माणूस, गाल लाल झालेले, मिशीवर बर्फ. मला उगाच राग आला. म्हटलं, "महेश, याला सांग, आम्ही लहान नाही." महेशने भाषांतर केलं नाही.

म्हाताऱ्याने वाद घातला नाही. मला बाहीला धरून झाडांत मागे ओढलं, अगदी ओवी ओढते तसं. मग बाजूलाच, झाडांच्या आडोशाला, त्याच अंगाला तोंड केलेला एक लहानसा उंचवटा होता, बर्फ सुटला तरी गुडघ्याएवढाच येईल असा. तिथे त्याने पाठीवरचं फावडं काढून कमरेइतका खड्डा खणला. एक भिंत सरळ तासली. तीन बाजूंनी कापून हातभर रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा केला. फावड्याचं पातं खांबाच्या डोक्यावर ठेवलं, टोपी काढली, डोंगराकडे बघून किंचित वाकला आणि बोटांनी पात्यावर टकटक करू लागला. आम्ही दोघं गप्प उभे. मला हे कुठेतरी बघितल्यासारखं वाटत होतं आणि कुठे ते सुचत नव्हतं. चौथ्या टकटकीला खांबाचा वरचा दीड हाताचा तुकडा, मेजाचा खण ओढावा तसा, पुढे सरकला आणि खड्ड्यात पडला. तेव्हा सुचलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "डावा पडला."

म्हाताऱ्याने जिथून तो तुकडा सुटला तिथला बर्फ माझ्या तळहातावर ठेवला. वरचा बर्फ घट्ट, खाली उन्हाने झालेली कडक पापडी, आणि मध्ये बोटभर थर, साखरेसारखा मोकळा. मुठीत दाबला तरी धरून राहीना, रव्यासारखा बोटांतून गळून गेला. महेश भाषांतर करत गेला. मघाशी जो "धप्प" आवाज आला तो बर्फ बसल्याचा नव्हे, हा थर खाली मोडल्याचा. वरचं ओझं आता कशालाच धरून नाही, पाऊल पडायची वाट बघतंय. खडकावर शेवाळी चिकणमाती आणि तिच्यावर भिजलेला मुरूम, अशाच जागी आमची दरड सुटते. हे मी शंभर साहेबांना समजावलं होतं. इथे मी तोच आवाज उलटा वाचला आणि पोराला म्हटलं, बैलगाडी ने.

तरीही, आता हे लिहायलाच हवं, तरीही मी म्हटलं, "दुसरीकडे बघ म्हणावं. एका जागेवरून काय कळतं?" महेश म्हणाला, "बाबा, पुरे." पण म्हाताऱ्याने माझ्या हातवाऱ्यांवरूनच ओळखलं. वीस पावलं बाजूला गेला, पुन्हा कमरेइतका खड्डा खणला, पुन्हा खांब कापायला घेतला. या वेळी टकटक करायची पाळीच आली नाही. शेवटची बाजू कापता कापताच वरचा तुकडा निसटून त्याच्या पायांशी पडला. मी तोंड उघडलं. त्याने फावडं बर्फात रोवलं, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश काहीतरी बोलला. महेशने सांगितलं, "ते म्हणतात, पहिल्यांदा विचारलं तेव्हा डोंगराने चार टकटकींनी सांगितलं. दुसऱ्यांदा विचारूही दिलं नाही. तिसऱ्यांदा मी विचारणार नाही."

मी खाली बसलो. सातासमुद्रापलीकडे भिकू गुरव तांब्या खाली ठेवून माझ्यापुढे उभा होता, फक्त भाषा वेगळी होती. याला कोणी सांगितलं? कोणी नाही सांगितलं. मी यावर जास्त बोलत नाही. दोन म्हातारे आपापल्या डोंगराशी नीट वागणारे, म्हणून दोघांच्या तोंडी एकच गोष्ट आली, असंही कोणी म्हणेल. म्हणू दे. मला त्या घडीला जे वाटलं ते मी लिहितो. माझी आई, गावची देवी, जिला मी दोनदा विचारून तिच्यावर रुसून आलो होतो, ती माझ्या मागोमाग तासभर बर्फ तुडवत आली होती, धापा टाकत. मी महेशला कौलाचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दोनदा नाही म्हणाली, आणि तुम्ही मला आणलंत?" चाळिशी उलटलेला मुलगा, तसा माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "चल खाली."

म्हाताऱ्याने आम्हाला अंतर राखून, एकेकाला, झाडांतूनच खाली आणलं. गाडीपाशी पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. मी पिशवीतून नारळ काढला. देवाचा नारळ परत न्यायचा नाही. महेशला म्हटलं, "यांना विचार, इथल्या देवळात ठेवला तर चालेल का?" मग महेशने लाजणं सोडून सगळं सांगितलं. ऑपरेशन, नवस, खिंडीतला लाल फडक्याचा देव. फोनमधला फोटोही दाखवला. म्हाताऱ्याने फोटो बघितला आणि पहिल्यांदाच हसला. मोठ्याने, पोट धरून. देवळाचं दार बर्फातून मोकळं करून त्याने सरकवलं. आत, खोकी आणि झाडू यांच्या शेजारी, स्वच्छ गवती चटईवर तोच दगडाचा देव बसला होता. गळ्यात तेच लाल फडकं.

म्हाताऱ्याने सांगितलं, बर्फाच्या दाबाने दगड फुटू नये म्हणून पायथ्याच्या वाडीतली माणसं दर वर्षी पहिल्या बर्फाआधी त्याला पाठीवर घेऊन खाली आणतात आणि बर्फ वितळला की पुन्हा वर नेऊन बसवतात. महेशचा फोटो पानगळीतला होता. त्यात लाल पानं होती, बर्फाचा कणही नव्हता. आम्हा दोघांनाही ते दिसलं नाही. म्हणजे खिंड रिकामी होती. ज्याला नारळ द्यायला मी पोराला त्या उतारावर घेऊन निघालो होतो, तो खाली येऊन बसला होता, आम्ही गाडी लावली तिथून दहा पावलांवर. आणि मी त्याच्याकडे पाठ करून त्याला शोधायला वर गेलो. आमच्याकडे शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते. देव उठून माणसाकडे येतो, हे मला बाळपणापासून ठाऊक. तरी माझ्या ध्यानात आलं नाही.

दारातल्या दगडी पायरीवर नारळ फोडला. अर्धी वाटी देवापुढे ठेवली, अर्धी तिघांनी खाल्ली. म्हाताऱ्याने खोबऱ्याचा तुकडा बराच वेळ चघळला आणि महेशला काहीतरी म्हणाला. महेश म्हणाला, "विचारतायत, याची साल काढायची राहिली का?" मग आम्ही दोघांनी छपरावर चढून त्याचं अर्धवट राहिलेलं बर्फाचं काम पुरं केलं. फावडं मला चांगलं चालवता येतं. ते बघून त्याने मान हलवली, तेवढं मला बरं वाटलं. निघताना मी त्याला वाकून नमस्कार केला. मी सहसा कोणापुढे वाकत नाही. तोही वाकला. दोघेही म्हातारे, लवकर सरळ होता येईना.

मंगळवारी त्याने महेशला एक फोटो पाठवला. आमच्या पावलांचे ठसे झाडांच्या कडेपर्यंत गेलेले, आणि त्याच्या पुढे उतारच नव्हता. गाडीएवढे बर्फाचे गोळे आणि मोडलेली झाडं एकावर एक पडली होती. महेशने फोन स्नेहलला दाखवला. तिने बघितला, आत गेली आणि थोड्या वेळाने माझ्यासाठी चहा घेऊन आली. गुरुवारी मी निघालो. विमानतळावर ओवीने माझी बाही ओढली आणि या वेळी मराठीत म्हणाली, "आजोबा, सांभाळून जा."

नवस देवाला हवा असतो असं मला वाटायचं. आता वाटतं, नवस देवाचा असेल, पण तो आजच, इथेच, माझ्याच हाताने फेडायचा हा हट्ट माझा होता. त्याने माझा नारळ घेतला, पोर परत दिलं आणि मला फक्त दहा पावलं चालायला लावलं. एवढ्या स्वस्तात मी सुटलो.

गावी आल्यावर पहिल्या सोमवारी देवळात गेलो. भिकूला म्हटलं, विचार, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ का त्या देवाच्या दर्शनाला? त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं, कळे लावले, गाऱ्हाणं घातलं. आम्ही गप्प बसलो. बऱ्याच वेळाने डावा कळा हलला आणि पडला. भिकू माझं तोंड बघत राहिला, आता हा काय म्हणतो म्हणून. मी "होय म्हाराजा" म्हटलं, पायरीला हात लावला आणि घरी आलो.